समृद्धी महामार्ग आमच्या शेतातून गेला. आठ वर्षांनी गावात काय उरलं?

मोसंबीवाली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं माहेर जालना तालुक्यात. २०१७ मध्ये आमच्या शिवारातून समृद्धी महामार्गासाठी जमिनीची खरेदी झाली. वडिलांच्या नऊ एकरांपैकी पावणेतीन एकर गेले, आणि नेमके मोसंबीच्या बागेतले. मोबदला चांगला मिळाला. रेडीरेकनरच्या (सरकारी दराच्या) पाचपट, झाडांचं आणि विहिरीचं मूल्यांकन वेगळं. पैसे वेळेवर खात्यात जमा झाले, त्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

यंदा नागपंचमीला माहेरी गेले होते. दुमजली घर आहे, जिन्याला स्टीलचे कठडे आहेत. जालन्यात भावाचा एक प्लॉट आहे. दोन गाड्या घेतल्या होत्या, त्यातली एक विकली. दोन बोअर घेतले, एकाला पाणी लागलं. उरलेल्या सहा एकरांत सोयाबीन आहे, कारण नव्या बागेसाठी पाच-सहा वर्षं थांबायला आता कोणी तयार नाही.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. मनात अडकून राहिले ते आमचे सालगडी काका. बाग लावली तेव्हा खड्डे त्यांनी खोदले होते. २०१२ च्या दुष्काळात टँकरचं पाणी बादलीने झाडांना घातलं ते त्यांनी आणि काकूंनी. बाग गेल्यावर वडिलांनी त्यांच्या हातावर काही रक्कम ठेवली, पण वर्षाचं काम संपलं ते संपलंच. आता ते एका गोदामावर रात्रपाळीला वॉचमन आहेत. मला विचारत होते, "ताई, तुम्ही त्या रस्त्यानं आलात का? आतून कसा हाये?" त्यांच्याकडे मोपेड आहे आणि महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. ज्या जमिनीत त्यांनी अकरा वर्षं काढली, तिथे आता त्यांना पाय ठेवता येत नाही.

म्हणून विचारते. तुमच्या गावात असा मोठा प्रकल्प आला असेल (रस्ता, धरण, एमआयडीसी, विमानतळ, काहीही), तर पैसे येऊन गेल्यावर पाच-दहा वर्षांनी गावात काय उरलं? आणि ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, त्यांचं पुढे काय झालं?

संत्रानगरी
चांगला धागा, पण सुरुवातीलाच दुसरी बाजू मांडतो. मी नागपूरचा, नोकरीला ठाण्यात. आधी गावी जायचं तर रेल्वेचं तिकीट चार महिने आधी काढा, नाहीतर सोळा-सतरा तास गाडी हाका. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटर सलग झाले. गेल्या महिन्यात आईला रात्री दवाखान्यात नेलं हे कळल्यावर पहाटे निघालो आणि दुपारच्या आत तिच्याजवळ होतो. विदर्भाला हा रस्ता फार उशिरा मिळाला. त्याबद्दल बोलताना आमचाही विचार व्हावा.

खडूफळा
वाचतेय. वाखु (वाचनखूण) साठवली.

मोसंबीवाली
@संत्रानगरी, आईंची तब्येत आता कशी आहे? रस्ता नको होता असं मी म्हणत नाही. मी स्वतः पुण्याहून संभाजीनगरपर्यंत आले आणि तिथून पुढे त्याच रस्त्याने गेले. प्रश्न रस्त्याच्या कडेच्या लोकांचा आहे.

संत्रानगरी
बरी आहे आता. धन्यवाद ताई. प्रश्न कळला, वाचतोय.

शिवडेकरांचा शेजारी
मी सिन्नर तालुक्यातला. आमच्याकडे विरोध किती होता ते तेव्हाचे पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. २०१६ मध्ये आधी योजना आली ती लँड पूलिंगची. जमीन द्या, त्या बदल्यात पुढे होणाऱ्या नवनगरात विकसित भूखंड घ्या आणि काही वर्षं वार्षिक रक्कम घ्या. लोकांनी विचारलं, नगर कधी होणार? भूखंडावर काय लावायचं, द्राक्षं? मोजणीला माणसं आली की गावच्या बाया आडव्या व्हायच्या. शेवटी सरळ खरेदीचा पर्याय आला आणि भाव वाढला, तसं एकेक घर वळलं.

आता कबूल करतो. सगळ्यात जोरात बोलणाऱ्यांत मी होतो आणि सहीही केली. मुलीचं इंजिनिअरिंग चालू होतं. तेव्हा मला वाटलं की आपण हरलो. आज वाटतं, आम्ही भांडलो म्हणूनच पाचपट मिळाले, ते भाव वरून कोणी आपणहून दिले नव्हते. ज्या नवनगरांच्या नावावर हे सगळं सुरू झालं, त्यांची चर्चा मात्र आता कोणी काढत नाही.

सातबाऱ्याबाहेरच्यांचं विचाराल तर आमच्याकडे द्राक्षबागेत छाटणीला आणि थिनिंगला (घडांच्या विरळणीला) येणाऱ्या टोळ्या होत्या. बाग गेली, टोळी दिंडोरीकडे वळली. त्यांचं काय झालं हे मी आठ वर्षांत कधी विचारलं नाही. तुमचा धागा वाचून लाज वाटली.

जुना हायवे
आता आमचंही ऐका. आमची एक वीतभर जमीन गेली नाही आणि एक रुपया आला नाही, तरी आमचं सगळ्यात जास्त गेलं.

मेहकर ते सिंदखेडराजा या जुन्या रस्त्यावर आमचा ढाबा, वडिलांनी चालू केलेला. संभाजीनगर-नागपूर सगळी मालवाहतूक दारातून जायची. रात्री दोनला चूल पेटलेली असायची. बाजूला पंक्चरवाला, त्याच्या बाजूला चहाची टपरी, पलीकडे टायर रिमोल्ड. रोज पंधरा-वीस घरांची पोटं त्या अर्ध्या किलोमीटरवर भरत होती. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. पहिले दोन महिने वाटलं की टोल जास्त आहे (तेव्हा कारला ९०० रुपये), ट्रकवाले आपल्याकडेच राहतील. काही राहिले. बस गेल्या, कार गेल्या, आणि ट्रक हळूहळू गेले. पंक्चरवाला भाऊ पहिला उठला.

त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे बाप्पा. इंटरचेंजशिवाय आत-बाहेर करता येत नाही. जुन्या रस्त्याच्या कडेला कोणीही चार बांबू रोवून भजे तळू शकत होता, इथं ती सोयच नाही. यासाठी मोबदला कोणाकडे मागायचा? आमचा धंदा कोणत्याच सातबाऱ्यावर नव्हता.

भूकलाडू
@जुना हायवे, दुसरबीडच्या अलीकडे का? निळ्या रंगाच्या बाकड्यांचा? तिथली शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी मी कॉलेजच्या सहलीत खाल्ली होती, नंतर तशी कुठेच मिळाली नाही. काळ्या मसाल्यात काय टाकायचे तेवढं सांगा!

जुना हायवे
नेमकी जागा सांगत नाही, पण बाकडे निळेच होते. मसाल्यात खोबरं आणि कांदा चुलीच्या निखाऱ्यात भाजायचा, तव्यावर नाही. आणि शेव वाढताना टाकायची, आधी टाकली की पिठलं होतं. आता मी मेहकरात डबे देतो. तीच भाजी, पण ऐंशी डबे. चाललंय.

खडूफळा
ऐंशी डबे म्हणजे रोज ऐंशी घरी तुमचा मसाला. मेहकरला आले की नक्की फोन करणार, व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) नंबर द्या.

तारीख पे तारीख
वकील म्हणून एक मुद्दा स्पष्ट करते, कारण वर दोघातिघांनी तोच विचारला आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. त्या जमिनीवर आधीची तीन वर्षं ज्यांची मुख्य उपजीविका होती ते शेतमजूर, बटईदार, कूळ, कारागीर हेही त्यात येतात. धागाकर्तीच्या सालगडी काकांसाठी कायद्यात जागा होती.

पण समृद्धीची बहुतेक जमीन त्या कायद्याखाली सक्तीने संपादित झाली नाही, ती सरळ खरेदीने घेतली गेली. मालकाने खरेदीखत करून दिलं, पैसे मालकाला मिळाले. त्या कायद्याने ग्रामीण भागात साधारण चारपट मिळतात, त्यावर २५ टक्के जास्त, म्हणून पाचपट. मालकाला हे सोयीचं होतं, सरकारचंही काम लवकर झालं. मात्र व्यवहार दोघांतला झाल्यामुळे तिसऱ्याला त्यात उभं राहायला जागाच उरली नाही. संपादन झालं असतं तर सामाजिक परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी, पुनर्वसनाची यादी हे टप्पे आले असते. ते नीट पार पडलेच असते असं मी छातीठोक सांगणार नाही, पण काकांना निदान अर्ज करता आला असता.

मोसंबीवाली
हे मला माहीतच नव्हतं. आम्ही सगळे 'सरळ खरेदी म्हणजे चांगलं' एवढंच समजत होतो. खरेदीखताच्या दिवशी पेढे वाटले होते आम्ही, काकांनाही दिला होता.

मुळा-मुठा
पैसा टिकवायचा तर मगरपट्ट्याचं उदाहरण का घेत नाही कोणी? हडपसरला सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन एकत्र केली, विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. विटा-वाळूची वाहतूक, प्लंबिंग, हाउसकीपिंग अशी कामंही त्या घरांतल्या मुलांनी घेतली. आज त्यांना भाड्याचा आणि नफ्याचा वाटा मिळतो. जमिनीची किंमत घेऊन बाजूला होण्याऐवजी ते धंद्यात भागीदार राहिले. समृद्धीच्या टोलमध्ये शेतकऱ्याला असा वाटा का नसावा?

शिवडेकरांचा शेजारी
टोलमध्ये वाटा ही कल्पना आवडली. पण मगरपट्टा पुण्याच्या हद्दीत होता, शेजारी शहर वाढत आलं होतं. आमच्या किंवा सिंदखेडराजाच्या शिवारात आयटी पार्क कोण बांधणार? लँड पूलिंग म्हणजे कागदावर तेच होतं की. हडपसरच्या शेतकऱ्यांनी ते स्वतः ठरवलं, आमच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

मुळा-मुठा
हा फरक मान्य. शिवाय खरं सांगायचं तर मगरपट्ट्यातही शेअर मिळाले ते जमिनीच्या मालकांनाच. उसाच्या तोडीला येणाऱ्यांना नाही.

नगरी नाका
हिवरे बाजारचा दाखला देतो, तिथे जाऊन दोन दिवस राहिलो आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे गावाने स्वतःवर नियम घालून घेतले: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, पाण्याचा हिशोब ग्रामसभेत मांडून पिकं ठरवायची, आणि बाहेरच्याला जमीन विकायची नाही. शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला. आमच्या गावी, म्हणजे तिथून जेमतेम तासाभरावर, रस्त्याकडेची अर्धी जमीन पुण्यातल्या लोकांची आहे. कंपाउंड, गेट, आत दोन नारळ आणि एक कुत्रा. शेजारच्याला बांधावरून गवतही कापू देत नाहीत.

तिठा
आमच्या कोकणात ह्याच चाललाहा. आंब्याची कलमां इकली, आता त्याच बागेत पोरगो माळी म्हणान कामाक जाता.

एक गाव बारा भानगडी
माझा अनुभव लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल. वैजापूर तालुका. वडिलांना मिळालेल्या मोबदल्यातला मोठा भाग त्यांनी एका पतसंस्थेत ठेवला. व्याज राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा कितीतरी जास्त, एजंट गावातलाच, ओळखीचा. दोन वर्षं व्याज नियमित आलं. मग शाखा उघडेना. ठेवीदारांची बैठक, पोलीस ठाणे, अर्ज, तारीख. वडील रोज पासबुक उघडून बघतात.

जमीन होती तेव्हा ती एका रात्रीत गायब होणं शक्य नव्हतं, हे ते सारखं बोलतात. शेतकऱ्याच्या हातात एकदम एवढी रक्कम आली तेव्हा गावात गाड्यांच्या शोरूमवाल्यांचे मांडव पडले, प्लॉटवाले आले, विम्यावाले आले. पैसे कुठे ठेवावेत हे फुकट, सरळ सांगणारं कोणी आलं नाही. खरेदीखताच्या टेबलाशेजारी असं एक टेबल हवं होतं.

संत्रानगरी
फार वाईट वाटलं वाचून. टेबलाची सूचना अगदी योग्य.

पाटाचं पाणी
एक चांगली गोष्टही नोंदवतो. बुलडाणा जिल्ह्यात रस्त्यांच्या भरावाला लागणारा मुरूम नाले आणि तलाव खोल करून काढला गेला, त्याला 'बुलडाणा पॅटर्न' असं नावच पडलं. आमच्या गावातला गाळाने भरलेला पाझर तलाव असाच खोल झाला. खालच्या विहिरींना आता मार्चपर्यंत पाणी असतं. गरज कंत्राटदाराची होती, पण तलाव गावाचा झाला. असं जोडकाम प्रत्येक गावात आधी ठरवून करता आलं असतं.

देऊळगावची लेक
सगळं वाचलं. मी जरा वेगळं सांगते, कारण आमच्या भागात मोठा प्रकल्प न येताही गाव बदललं.

देऊळगाव राजा, सिंदखेडराजा या पट्ट्यात शेडनेटमध्ये बीजोत्पादन चालतं. मिरची, टोमॅटो, काकडी, कारली यांचं संकरित बी. जालना बियाण्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको सुरू केली, त्यानंतर बियाण्यांचा धंदा आजूबाजूच्या तालुक्यांत पसरत गेला. कंपनी नर-मादीचं मूळ बी देते, ठरलेल्या भावाने तयार बी विकत घेते. दहा-वीस गुंठ्यांत काम होतं, म्हणून थोड्या जमिनीवाल्यालाही जमतं.

यातलं खरं काम बायकांचं. कळी उमलायच्या आधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा. आम्ही त्याला क्रॉसिंग म्हणतो. हंगामात एका शेडला दहा-बारा जणी लागतात. हात चांगला असेल तिला आधीच उचल देऊन ठरवतात. माझी आई आधी उसतोडीला जायची, मी आणि भाऊ सहा महिने आजीकडे. क्रॉसिंग सुरू झाल्यापासून आई घरी आहे. माझी दहावी-बारावी त्यामुळे झाली. आमच्याकडे तेव्हा एक गुंठाही जमीन नव्हती.

त्रासही सांगते. शेडमध्ये उन्हाळ्यात जीव घाबरतो. बी कंपनीच्या शुद्धतेच्या तपासणीत नापास झालं तर अख्खा लॉट जातो, आणि पैसे हाती यायला कित्येक महिने लागतात. बायकांच्या मजुरीला लेखी काही नसतं. पण काम गावात आहे आणि दर वर्षी आहे. पैसा एकदम ढिगाने आला नाही, थोडा थोडा आला, आणि आईच्या हातात आला.

मोसंबीवाली
@देऊळगावची लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईंना नमस्कार सांगा.

सासुरवाशीण
आता मी जे लिहिणार आहे त्यावर भाऊमंडळी रागावतील.

सातबाऱ्याबाहेरचे म्हटलं की आपण मजुरांबद्दल बोलतो. बहिणी? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क आहे. समृद्धीच्या खरेदीच्या वेळी वारस म्हणून आम्हा तिघी बहिणींच्या सह्या लागणार होत्या. तीस वर्षांत ज्याने राखीला कधी फोन केला नाही तो चुलतभाऊ गाडी घेऊन न्यायला आला. तहसीलच्या आवारात हक्कसोडपत्र तयार होतं. साडी, ओटी, पाच हजारांचं पाकीट. थोरलीने सही केली, मधलीने केली. मी म्हटलं, वाचून करते. त्या दिवसापासून मला माहेर नाही.

मी माझा वाटा घेतला. त्यातून मुलाची फी भरली आणि माझ्या नावावर एक छोटं घर घेतलं. पश्चात्ताप नाही. पण आई गेली तेव्हा मला शेजाऱ्याकडून कळलं.

शेतकरी भाऊ
रागावलो नाही ताई, पण भावाची बाजूही लिहितो. आई-वडिलांची दुखणी, शेतीचं कर्ज, बहिणींची लग्नं, आणेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) पन्नास पैशांच्या खाली गेलेली वर्षं, हे सगळं गावात राहिलेल्यानं काढलेलं असतं. जमिनीला भाव नव्हता तेव्हा कोणी वाटा मागत नव्हतं. एकदम रक्कम आली की सगळे हक्क आठवतात. मी माझ्या दोन्ही बहिणींना दिलं, बरोबरीनं नाही, पण दिलं. आमचं येणं-जाणं आहे.

सासुरवाशीण
तुम्ही दिलंत, बोलून दिलंत, म्हणून येणं-जाणं आहे. आमच्याकडे कोणी विचारलं असतं तर मी कदाचित कमीही घेतलं असतं. आई आजारी असताना तिचं करायलाही मीच होते, शेवटची दोन वर्षं सोडली तर.

शेतकरी भाऊ
खरं आहे. आईचं वाचून वाईट वाटलं.

चांदवडची नात
सासुरवाशीणताईंचं वाचून राहवलं नाही. आमच्या आजीची गोष्ट सांगते.

१९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आजी बैलगाडीने गेली होती. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की घरच्या लक्ष्मीचं कर्ज मानून तिच्या नावावर जमीन करा. गावातल्या शंभर घरांनी केलं तर गाव लक्ष्मीमुक्त. आजोबांनी आजीच्या नावावर दीड एकर केली. खडकाळ तुकडा होता, लोक हसायचे.

पुढे आमच्याकडून रस्ता गेला (समृद्धी नव्हे, दुसरा), आणि तो नेमका त्या खडकाळ तुकड्यातून. ७९ वर्षांची आजी स्वतः अंगठा द्यायला गेली. पैसे तिच्या खात्यात आले. तिने काय केलं? दोन्ही आत्यांना आणि बाबांना सारखे वाटे, आणि एक चौथा वाटा. तो आमच्या घरी तीस वर्षं खुरपणीला येणाऱ्या मावशींना दिला. बाबा म्हणाले, एवढे? आजी म्हणाली, "माझं नाव कागदावर आलं म्हणून मला मिळालं. तिचं यायचं राहून गेलं."

तारीख पे तारीख
हा प्रतिसाद मी माझ्या कनिष्ठ वकिलांना वाचून दाखवणार आहे.

मोसंबीवाली
सगळ्यांना धन्यवाद. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री भावाला फोन केला. माझी सही होती, पण वाटा मी मागितला नव्हता, त्यानेही काढला नव्हता. चांदवडच्या आजींची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, जालन्याचा प्लॉट तसाच पडून आहे, दिवाळीत ये, बसून बोलू.

उरलेल्या सहा एकरांपैकी विहिरीजवळचे वीस गुंठे काकांना आणि काकूंना बटईने देऊन तिथे शेडनेट टाकता येईल का, हेही त्याच्याशी बोलले. कराराला काकूंचं नाव लागावं अशी माझी इच्छा आहे. @तारीख पे तारीख, असा करार लेखी कसा करायचा, मार्गदर्शन कराल का? आणि @देऊळगावची लेक, शेड उभारायला खर्च साधारण किती येतो, आणि काकूंना क्रॉसिंग शिकायला तुमच्या आईंकडे आठवडाभर पाठवलं तर चालेल का?

तारीख पे तारीख
नक्की. मसुदा मी करून देते, फी नको.

देऊळगावची लेक
आईला विचारलं. ती म्हणते, मिरचीचं क्रॉसिंग पोळ्यानंतर सुरू होईल तेव्हा या, आणि चष्मा असेल तर आठवणीने आणा, कळी फार बारीक असते. खर्चाचं आणि पत्त्याचं व्यनि केलं आहे.